होयबाचे दोन वाडगे

वर्कशॉपमध्ये त्याला होयबा म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तो दात काढून हसे. वजनकाटे दुरुस्त करण्यात त्याने अठरा वर्षं घालवली, पण स्वतःचं असं एक मत त्याच्या तोंडून कुणी ऐकलं असेल तर शपथ. साहेब म्हणाले उकडतंय, की हा खिडकी उघडायला धावे. साहेब म्हणाले गारठा आहे, की तीच खिडकी लावायला. हात मात्र कसबी होता, ते नाकारून चालायचं नाही. पारड्यात केसाएवढा पासंग असला तरी त्याला नुसत्या नजरेने कळायचा. एवढी नजर असलेल्या माणसाने जन्मभर गोंडा घोळावा, याचीच चीड येते.

तर झालं असं, की तिथला म्हातारा तपासनीस निवृत्त होणार होता. दुरुस्त झालेल्या काट्यावर सील मारायचं ते काम. एकदा सील बसलं की काटा खरा, मग कुणी शंका घ्यायची नाही. लहान काट्यांचं सील होयबाकडे आधीपासूनच होतं. आता मोठ्या काट्यांचंही त्यालाच मिळतं की त्याच्या जोडीच्या वेल्डरला, एवढंच ठरायचं होतं. वेल्डर साहेबांशी वाद घालायचा, चुकलं तर तोंडावर चुकलं म्हणायचा. त्यामुळे त्याचा पत्ता कटलाच, असं धरून होयबाने सासुरवाडीला बातमीसुद्धा कळवून टाकली होती.

साहेबांना एका मालिकेचं वेड होतं. अंतराळात कचरा गोळा करत भरकटलेलं एक यान, आणि त्यातली चार येडी. होयबाला त्यात ओ की ठो कळत नसे. तरी त्याने सगळे भाग दोनदोनदा पाहिले, कुठे हसायचं ते पाठ केलं, आणि एके दिवशी साहेबांना रविवारी दुपारी घरी यायचं आमंत्रण दिलं. एक खेळ आहे म्हणाला. चौघांनी चार पात्रांच्या चिठ्ठ्या उचलायच्या. आपलं पात्र तोंड उघडेल तेव्हा आपण दारूचा एक घोट घ्यायचा. दुसऱ्याच्या पात्राला आपण प्यायचं नाही. साहेब खूश झाले. वेल्डरलाही घेऊन ये म्हणाले. चौथा म्हणून होयबाने आपल्या मेव्हण्याला धरलं.

आता अक्कल बघा. महिन्यापूर्वी साहेब फोनवर कुणाला तरी सांगत होते की डॉक्टरांनी दारू कमी करायला सांगितलीय. दाराआड उभ्या असलेल्या होयबाने ते ऐकलं होतं. साहेबांची तब्येत आपण सांभाळायची, असं त्याने मनाशी ठरवलं. मालिकेत एक परग्रहवासी होता, तो सदा पोत्यात झोपलेला असे आणि एका भागात जेमतेम एक वाक्य बोले. तोच साहेबांच्या वाट्याला यायला हवा. म्हणून याने सारखे दोन वाडगे घेतले आणि एकातल्या चारही चिठ्ठ्यांवर त्या झोपाळूचं नाव लिहिलं, दुसऱ्यात उरलेल्या तिघांची.

"चारीवर एकच नाव?" बायकोने विचारलं.

तुला त्यातलं कळत नाही, असं म्हणून त्याने तिला गप्प केलं.

साहेब आले, ऐटीत बसले. पहिला वाडगा त्यांच्यापुढे आला, त्यांनी चिठ्ठी उचलली. मग बर्फ आणायच्या निमित्ताने होयबा तो वाडगा घेऊन आत गेला आणि दुसरा घेऊन आला. त्यातून वेल्डरला डॉक्टर मिळाला, मेव्हण्याला यंत्रमानव आणि खुद्द होयबाला कप्तान. हा कप्तान म्हणजे श्वास घ्यायलाही न थांबणारा प्राणी.

पहिला भाग संपेपर्यंत होयबाचे तीन ग्लास झाले. वेल्डर आणि मेव्हणा रंगात आले. साहेबांनी एक घोट घेतला होता. दुसऱ्या भागात पोतं नुसतं कुशीवर वळलं, बोललं नाही. साहेब भरल्या ग्लासकडे बघत बसले. घरी त्यांची बायको बाटलीला हात लावू देत नव्हती. ते इथे आले होते ते पोटभर प्यायला. वेल्डर म्हणाला, घ्या की असाच एखादा घोट. पण साहेबांची हयात वजनमापात गेलेली. नियम तो नियम, असं म्हणून त्यांनी मान हलवली आणि पोतं कधी बोलतंय याची वाट बघत राहिले. तिसऱ्या भागात तर पोतंच दिसेना. साहेबांचा चेहरा उतरत गेला. होयबाला वाटलं, साहेब मालिकेत गुंगलेत.

चौथ्या भागापर्यंत होयबाची जीभ सुटली होती. आपण साहेबांसाठी काय काय करतो हे त्यांना कळायलाच हवं, असं त्याला तीव्रतेने वाटायला लागलं. तो उठला, धडपडला, आतून पहिला वाडगा घेऊन आला आणि उरलेल्या तीन चिठ्ठ्या त्याने साहेबांसमोर उलगडून ठेवल्या. तिन्हींवर झोपाळू.

"तुमच्यासाठीच केलं साहेब," तो म्हणाला. "डॉक्टरांनी कमी करायला सांगितलंय ना? कुणाला पत्तासुद्धा लागला नाही."

मेव्हण्याने टीव्हीचा आवाज बंद केला. साहेबांनी चिठ्ठ्या एकेक करून वाचल्या. रागाने लाल होतील असं वाटलं होतं, पण ते थकल्यासारखे दिसत होते.

"माझ्या भल्यासाठी केलंस, कळलं मला," ते म्हणाले. "उद्या एखाद्या दुकानदाराच्या भल्यासाठी करशील. तेव्हाही कुणाला पत्ता लागणार नाही. सीलची पेटी उद्या याच्याकडे दे. लहान काट्यांचीसुद्धा."

त्यांनी वेल्डरकडे बोट दाखवलं, चपला घातल्या आणि निघून गेले. बायकोने वाडगे उचलून नेले. होयबा मात्र मेव्हण्याला सांगत बसला की साहेबांना जरा चढली होती. एका घोटात.

माणूस हादरतो, रडतो, निदान एक रात्र तळमळतो. याने सकाळी लवकर जाऊन पेटी पुसली, आतले शिक्के तेल लावून लखलखीत केले आणि वेल्डर येईपर्यंत दाराशी उभा राहिला. वेल्डर आला. अठरा वर्षं एकमेकांना अरेतुरे करत, एकाच डब्यातून जेवलेली ही माणसं. होयबाने पेटी दोन्ही हातांनी पुढे केली, कमरेत वाकला आणि विचारलं,

"खिडकी उघडू का, साहेब?"

वेल्डरने पेटी घेतली. त्याच्याकडे न बघता तो आत गेला आणि खिडकी त्याने स्वतःच उघडली.