घोटावड्याचा गोंगाट

घोटावड्याचे भिवाजीतात्या मुळातच तापट. ढोलाला टिपरू लागायच्या आत त्यांची जीभ सुटते, असं गाव म्हणे. त्यांना सांभाळून घेणारा माणूस एकच, विठ्ठलराव. तात्यांचा ढोल आणि विठ्ठलरावांचा थाळीसारखा पितळी टोल, अशी जन्माची जोडी. ढोल सुसाट सुटला की टोलाचा ठोका त्याला लगाम घालायचा.

करोनात विठ्ठलराव गेले. वादक गेला की त्याच्या दारापासून ओढ्याकाठच्या स्मशानापर्यंत वाजवत जायचं, ही त्यांच्या ढोल-लेझीम पथकाची रीत. पण दवाखान्यातूनच त्यांना परस्पर नेलं. ना खांदा, ना ढोल. ते तात्यांना फार लागलं होतं.

तशात हिंजवडीच्या सोसायटीतून कार्यक्रम ठरवणाऱ्या शैलेशचा फोन आला. दरवर्षी मैदानावर होणारा कला महोत्सव यंदा मोबाइलवर होणार होता. सलामी नेहमीप्रमाणे तात्यांची, पण पथक जमवायला बंदी, म्हणून एकट्यानेच वाजवायचं.

"एकट्यानं? मंग लेझीम काय भिंती खेळनार?" तात्या उखडले. मग थोड्या वेळाने म्हणाले, "वाजवतो. पन इठ्ठलच्या नावानं. तसं सांगा लोकान्ला."

ठरल्या संध्याकाळी सून गौतमीने पडवीत मोबाइल उभा केला. तात्यांनी फेटा बांधला, ढोल कमरेला कसला आणि राहून गेलेलं सगळं वाजवलं. घाम डोळ्यांत उतरला. थांबले तेव्हा पडद्यावर टाळ्या उडत होत्या. मेल्या टाळ्याही चित्रातल्याच!

"झकास, तात्या!" शैलेश म्हणाला. "फक्त आवाज आला नाही. ॲपला ढोल म्हणजे गोंगाट वाटतो, ते आपोआप दाबून टाकतं. पण व्हिडिओ एकदम भारी! चला, आता अनुष्काचं गाणं."

तात्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आरं, माझा मानूस गेला, त्याला हाका मारत व्हतो मी! त्यो ग्वांगाट? आन् कळलं तवा एकालाबी 'थांब' म्हनावंसं वाटलं न्हाई?"

अनुष्का गात होती. शैलेशने तात्यांचा आवाज कधीच बंद केला होता.

ढोल तसाच कमरेला घेऊन तात्या बाहेर पडले.

"तात्या, बंदी हाय! पोलीस येतील!" गौतमी ओरडली.

"येऊ दे. त्यास्नी तरी ऐकू यील!"

विठ्ठलरावांच्या बंद दारापुढे उभं राहून त्यांनी टिपरू हाणलं. संतापाच्या भरात ढोल सैरावैरा पळत सुटला. दार उघडलं. विठ्ठलरावांच्या रंभाबाई तोंडाला पदर लावून उभ्या होत्या.

"इतकं दिस कुटं व्हता, भावजी?" त्या कडाडल्या. "सगळ्यांस्नी रोगाचं भ्या. तुमीबी भ्यालात व्हय?"

तात्यांचा हात थांबला. मान वर करवेना.

"आता कशाला थांबलात? वाजवा!" रंभाबाई आत गेल्या, खुंटीवरचा टोल काढून घेऊन आल्या आणि सगळा राग काढून त्यावर ठोका मारला. ठोका साफ चुकीचा पडला.

एरवी तात्यांनी शिवी हासडली असती. त्यांनी गपगुमान ढोल त्याच ठोक्याला लावून घेतला आणि रंभाबाईंच्या मागून ओढ्याची वाट धरली.