सत्तावीस नंबरची फाईल

भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता, आजही नाही. या फोरमवरचे पांढऱ्या साडीतल्या बायांचे किस्से वाचून मला कीव येते. तरी लिहितोय... माझ्या गोष्टीत बाई नाही, वडाचं झाड नाही. भर दुपार आहे आणि एक भिकार प्रोग्राम आहे.

साल २००५. वसई पूर्वेला एव्हरशाईन सिटीत आमचं सॉफ्टवेअरचं छोटं ऑफिस होतं. तिथे माझ्याबरोबर जवळच्याच गास गावचा एलायस होता. एका नर्सिंग होमच्या पेशंट रेकॉर्डचं काम आमच्याकडे होतं. त्या डेटाबेसची रचना बदलायला एलायसने एक टूल लिहिलं — काळ्या स्क्रीनवर कमांड द्यायची, ते बदलांच्या नंबर घातलेल्या फायली क्रमाने चालवणार आणि कुठली फाईल कोणी, कधी चालवली ते नोंदवणार. नोंद झालेली फाईल पुन्हा चालवणार नाही. बस्स! “हे काय, शाळेचं हजेरीपुस्तक?” मी चारचौघांत म्हणायचो. साहेबांचे कान भरून त्याला कामावरून काढायला लावलं तेही मीच. त्याचं लॉगिनही मीच उडवलं.

पुढच्याच आठवड्यात मी घरी सत्तावीस नंबरची फाईल लिहिली. बिनकामाचे कॉलम उडवायचे होते, त्यात एक ‘शेरा’. ऑफिसातल्या जुन्या कॉपीत तो रिकामा होता. फाईल फक्त पेन ड्राइव्हवर, पेन ड्राइव्ह माझ्या खिशात. दुसऱ्या दिवशी नर्सिंग होमला गेलो. सकाळी नऊ ते बारा लोडशेडिंग, म्हणजे तिथला कॉम्प्युटर बंद. इंटरनेट त्याला नव्हतंच. बाराला लाईट आली, मी कमांड दिली.

“२७ आधीच चालली आहे.”

नोंद उघडली. सत्तावीस — एलायस — आजची तारीख, दहा चाळीस.

आणि कॉलम सगळे जागच्या जागी! चिडून हातानेच उडवणार होतो, त्याआधी एकदा ‘शेरा’ उघडला. सिस्टरने त्यात कोणाला कुठलं औषध चालत नाही ते लिहून ठेवलं होतं. दुपारी ज्यांचं ऑपरेशन होतं त्या बाईंच्या नावापुढे — पेनिसिलिन नको. कॉलम उडाला असता तर हे सगळं कायमचं गेलं असतं. बॅकअप घेतला नव्हता... दीडशहाणा ना मी!

घड्याळ चुकलं असेल, म्हणाल. तपासलं, बरोबर होतं.

संध्याकाळी गासला गेलो. “आज साडेदहा-पावणेअकराला कुठे होतास?”

“वाडीत. केळींना पानी सोडत होतो. का रे?”

मी सगळं सांगितलं. तो हसलाही नाही. “पन तू बॅकअप घेतला होतास ना?”

ती नोंद कोणी केली, मला आजवर कळलेलं नाही. त्याला मात्र मी तेव्हा “हो” म्हणालो.