मुलाखतीची तालीम

सासऱ्यांचं तेरावं उरकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहाची बशी खाली ठेवत थोरले दीर म्हणाले, "आता हितं तुजं काय काम हाय? वळसंगला भावाकडं जा की."

माझा नवरा आधीच गेलेला. सासऱ्यांना अर्धांगवायू झाल्यापासून त्यांचं सगळं मीच करत होते. भरवणं, पुसणं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कुशीवर वळवणं. दीर नाकाला रुमाल लावून उंबऱ्यातूनच विचारायचे, "बरं हाय न्हवं?" आणि गिरणीत निघून जायचे. आणि म्हणे माझं काम काय!

त्याच रागात मी शेजारच्या सिस्टरांकडे गेले. त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. सोलापूरच्या बाहेर, सांगोल्याच्या बाजूला एका ट्रस्टनं निराधार म्हाताऱ्यांसाठी आश्रम काढला होता. तिथं राहून त्यांचं करायला बाई हवी होती. गुरुवारी मुलाखत. मी जन्मात मुलाखत दिली नव्हती.

सिस्टर खुर्चीत ताठ बसल्या आणि साहेबासारखा आवाज काढून म्हणाल्या, "अनुभव काय?"

"काय न्हाय. घरचंच केलंय."

"घरचंच?" त्या भडकल्या. "आमच्या वॉर्डात याच कामाला पगारी माणसं असतात. पुन्हा 'घरचंच' म्हणालीस तर बघ. काय काय केलंस ते सांग."

मी सांगायला लागले. सांगता सांगता माझा आवाज चढत गेला. इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलंच नव्हतं.

"म्हातारी माणसं शिव्या देतात, अंगावर थुंकतात. राग येतो?"

"येतो की."

"नाही म्हणायचं."

पुन्हा पुन्हा विचारून त्या थकल्या. माझ्या तोंडून 'नाही' काही निघेना.

बुधवारी दिरांना कळलं. "परक्यांचं हागणं-मुतणं काढनार? लोक आमच्या तोंडात शेण घालतील!"

"तुमच्या वडलांचं काडलं, तवा कुनी घातलं न्हाय," मी म्हणाले. "तुमी तर हातबी लावला न्हाय."

त्यांच्यासमोर मी पहिल्यांदाच उलट बोलत होते. जीभ थांबेना. "गेलीस तर ह्या घरात परत पाय ठिवायचा न्हाय," असं म्हणून ते बाहेर गेले.

मुलाखतीत अनुभवाचं कुणी विचारलंच नाही. टेबलामागच्या दोघा गृहस्थांना एवढंच जाणून घ्यायचं होतं, "घरच्यांची परवानगी आहे का?"

"मी इचारली न्हाय."

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. "चिडक्या दिसता. म्हाताऱ्यांवर चिडाल."

"चिडंन. पन हात उचलनार न्हाय, आन् उपाशी ठिवनार न्हाय."

दुसरी कुणी बाई आलीच नव्हती म्हणून त्यांनी मला घेतलं. मला आनंद झाला नाही. परवानगी विचारायची आठवण त्यांना झाली, काम येतं का हे विचारायची झाली नाही, हेच डोक्यात घुमत राहिलं.

ट्रंक न्यायला घरी गेले तेव्हा दीर गिरणीत होते. थोरल्या जाऊबाई दारात उभ्या होत्या. लग्न होऊन आल्यापासून त्या माझ्याशी कामापुरतंच बोलायच्या. ट्रंकेची दुसरी कडी त्यांनी उचलली. गल्लीच्या तोंडापर्यंत आल्यावर हळूच म्हणाल्या, "तितं अजून एक बाई घेत्यात का गं?"