निसटलेल्या स्क्रूंचा कप्पा

ताईच्या शिवणकामाच्या दुकानावर दिव्यांची पाटी लावायची होती आणि ते काम मी आपणहून अंगावर ओढून घेतलं होतं. मी शाळेत गणित शिकवतो. आपल्याला सगळंच येतं असं वाटणं, हा आमच्या जातकुळीचा जुनाच आजार आहे. पाटी अठ्ठावीस किलोची, भोकं चार, म्हणजे एका स्क्रूवर सात किलो. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडणार होतं. दुपारी मी कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो.

गल्ल्यावर मावशी होती. साठी उलटलेली, किरकोळ अंगाची. तिच्याहून मोठी माणसंही तिला मावशीच म्हणतात.

"चार मोठे स्क्रू द्या, प्लास्टिकच्या प्लगसकट," मी म्हणालो आणि जरा तोऱ्यातच माझा हिशोब ऐकवला.

"आणि वारा किती किलोचा धरलास?"

वारा माझ्या हिशोबात नव्हताच.

"बरं, भिंत कसली आहे?"

"भिंतीसारखी भिंत. पिवळा रंग दिलाय."

"रंग नाही विचारला. आत काय आहे? जा, एक भोक पाड आणि निघेल तो भुगा कागदात बांधून आण. तोवर स्क्रू मिळणार नाही."

गिऱ्हाइकाला माल नाकारणारा दुकानदार मी जन्मात पाहिला नव्हता. डोकं असं फिरलं की विचारू नका. पण दुसरं दुकान लांब होतं, म्हणून पाय आपटत गेलो, भोक पाडलं आणि पुडी आणून तिच्यासमोर जवळजवळ आदळली.

तिने चिमूटभर भुगा बोटांत चोळला. "एवढाच निघाला? दोन बोटं गेल्यावर ड्रिल एकदम आत घुसलं असेल."

घुसलं होतं. मीही तोल जाऊन भिंतीवर आपटलो होतो. ते मी कुणाला सांगणार नव्हतो.

"पोकळ ब्लॉकची भिंत. दुकान कुठे आहे रे?"

"पोस्टासमोर. आधी तिथे घड्याळवाला होता."

ती उठली आणि तिने खालचा एक रुंद कप्पा ओढला. आत वाकलेले, गंजलेले, मान तुटलेले शेकडो स्क्रू होते आणि प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली होती.

मावशी लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिला खिळा आणि स्क्रू यातला फरक कळत नव्हता. सासरे अचानक गेले, नवरा माल आणायला गावोगाव हिंडणारा, त्यामुळे गल्ला हिच्या गळ्यात पडला. पहिल्याच आठवड्यात एक माणूस भिंतीतून निसटलेला स्क्रू घेऊन तणतणत आला. घाबरून हिने त्याला नवा दिला आणि विचारलं, "पण निसटला कसा?" तो अर्धा तास बोलत होता. तेव्हापासून तिचा नियम झाला: निसटलेला स्क्रू आणा, काय झालं ते खरं खरं सांगा, नवा फुकट न्या. अशी चौतीस वर्षं झाली. मी वीस वर्षं मुलांच्या चुका लाल शाईने खोडत आलो आणि ही बाई दुसऱ्यांच्या चुका जपून ठेवत होती! त्या कप्प्यासमोर माझा सगळा तोरा उतरला. मी शाळेतल्या पोरासारखा हात बांधून उभा राहिलो.

तिने एक चिठ्ठी शोधून माझ्या हातात दिली. 'पोस्टासमोर, घड्याळवाला. पाटी बारा किलो. पोकळ भिंत. लावल्यापासून आठव्या महिन्यात वाऱ्याने पडली. खाली सायकल होती, माणूस नुकताच आत गेला होता.'

बारा किलो. आमची अठ्ठावीस, आणि उजेडासाठी ताईचं मशीन नेमकं दारात. मी चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली.

"स्क्रू भिंतीला आतून धरतो," मावशी म्हणाली. "या भिंतीत धरायला काही नाहीच. मग भिंतीलाच दोन्हीकडून धरायचं."

तिने वीतभर लांब आरपार बोल्ट काढले. गंज नको म्हणून स्टेनलेसचे. आतल्या बाजूला भार वाटून घ्यायला दोन लोखंडी पट्ट्या. बाहेरून नट आणि रुंद वायसर, त्याखाली पाणी शिरू नये म्हणून रबराचे. "जीव खाऊन आवळू नकोस, ब्लॉक फुटेल. आणि आधी वायर कुठून गेलीय ते बघ."

सकाळी पाटी लागली, दिवे लागले, ताईचं दुकान उघडलं.

तीन महिन्यांनी दुपारी वादळ आलं. मी शाळेत अडकलो होतो. वारा जरा कमी होताच धावत सुटलो. वाटेत औषधवाल्याची पाटी रस्त्यात उताणी पडली होती, बूटवाल्याची एका खिळ्यावर लोंबत होती. तेवढ्या वाटेत मी काय काय पाहिलं मनातल्या मनात, ते लिहवत नाही.

आमची पाटी जागच्या जागी होती आणि तिच्याखाली ताई बटणं लावत बसली होती. मी पायरीवर बसलो आणि रडलो, त्यात लाज कसली.

"अरे, गंमत ऐक," ताई म्हणाली. "समोर पोस्टाच्या दारात एक म्हातारी वारा पडेपर्यंत उभी होती. पार भिजलेली, नजर सारखी आपल्या पाटीवर. आत बोलावलं तर आली नाही. जाताना म्हणाली, भावाला सांग, उजवीकडच्या खालच्या नटाला अर्धा फेरा कमी पडलाय."

मी शिडी लावली आणि पाना घातला. नट अर्धा फेरा फिरला आणि घट्ट बसला.