जोडाखालची फूट

१९८८च्या डिसेंबरात गुडीहत्नूरच्या बसथांब्यामागच्या एका अंगणात संत्र्याच्या झाडाला पाच वर्षांनी पहिले फळ आले. ते आंबट निघाले. झाडवाला मला रोज कुंपणाशी दिसे, हायवेची धूळ पानांवरून उपरण्याने पुसताना. नाव मी कधी विचारले नाही. त्या दिवशी त्याने मला खोड दाखवले. ज्या जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचे कलम बांधले होते, ती जोडाखालून फुटलेली आंबट जंबेरीच वाढली होती. वरचे संत्रे कापलेले होते.

“मीनंच कापलं,” तो म्हणाला. “वरचं मरतुकडं दिसे. खालची फूट जोमदार, म्हनून ठेवली.”

“नवं कलम लावा,” मी म्हणालो.

“बायको खाटेवर हाय, भाऊ. घरचंच संत्रं खाईन म्हनते. पाच वर्सं कुठून आनू?”

ती संक्रांतीआधी वारली.