सुवार्ताची जागा

शमुवेल आवळे पहाटे चारला उठायचा. गजर लावत नसे. प्रार्थना, अंघोळ, चहा. पाचला बायकोला हाका मारायचा आणि सव्वापाचला सायकल काढायचा. शिरोलीच्या फौंड्रीत पहिली पाळी सातला सुरू होई, हा सहाला हजर. एवढ्या लवकर येऊन तो वाळू बघायचा. साच्याची वाळू मुठीत दाबायची, मूठ उघडायची, गोळा मधोमध मोडायचा. कड स्वच्छ तुटली तर ओल बरोबर. वाळू तयार करायला वेगळा माणूस होता, हे काम शमुवेलचं नव्हतं. पण त्या वाळूतून भरलेला साचा त्याच्या नावावर जायचा, म्हणून तो बघायचा.

मी त्याच्या शेजारी एकोणतीस वर्षं साचे भरले. मी गडमुडशिंगीचा. माझं नाव कृष्णात, तो किस्ना म्हणायचा.

तो ख्रिस्ती. जेवणाच्या सुट्टीत विषय निघायचा, आणि बहुतेक वेळा आम्हीच काढायचो.

"शमुवेल, मेलेली माणसं उठणार म्हणतोस," कुणीतरी म्हणायचं. "आदी ह्या हंबीररावला उठीव. जिता हाय, तरी भोंगा झाल्याबिगर उठत न्हाय."

हंबीरराव डोळे मिटूनच शिवी द्यायचा.

शमुवेल हसायचा, पण उत्तर नीट द्यायचा. "आपल्या ताकदीनं कोण उठत न्हाय रं. उठवणारा उठवतो. ती ताकद त्याची. आपल्याकडं एवढंच, माणूस नीट ठेवायचा. सरळ, पाय उगवतीकडं. उठलं की तोंड उजेडाकडं पायजे."

"आन जाळला तर?"

"आमी जाळत न्हाय," तो म्हणायचा आणि डबा पुसून बंद करायचा.

म्हणजे मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

त्याच्या बायकोचं नाव सुवार्ता. घरी मशीनवर ब्लाउज शिवायची. बुटकी, जाड भिंगाचा चष्मा, चर्चमधल्या गाण्यात सगळ्यांच्या वर आवाज. त्यांना मूल नव्हतं. मी घरी गेलो की म्हणायची, "या किस्नाभावजी, तुमच्या दोस्तानं आज बी मला पाचला उठवलंय. शिवणाऱ्या बाईला पाचला काय काम असतंय, तुमीच सांगा."

दोन हजार एकवीसच्या मे महिन्यात कोरोनानं दोघंही एकाच दिवशी दवाखान्यात भरती झाली. तेव्हा आम्ही दोघं निवृत्त झालो होतो. शमुवेलचा भाऊ मिरजेत, स्वतःच आजारी. म्हणून दवाखान्यात नातेवाईक म्हणून माझा फोन नंबर दिलेला.

चौथ्या दिवशी सकाळी फोन आला. सुवार्ता गेली होती. शमुवेल दुसऱ्या वॉर्डात ऑक्सिजनवर होता. त्याला इतक्यात सांगू नका, असं डॉक्टर म्हणाले.

मी दवाखान्यात गेलो. खिडकीतून एक कागद पुढं आला. नाव, वय, पत्ता. नातं विचारलं होतं तिथं मी भाऊ लिहिलं. खाली दोन चौकोन होते, एकात दहन, दुसऱ्यात दफन. दहनावर आधीच खूण केलेली होती. कुणी केली माहीत नाही. आवळे आडनावाची माणसं आमच्या बाजूला पुष्कळ, त्यातली बरीच हिंदू. मागं रांग होती. ती खूण मी बघितली, हे मला पक्कं आठवतं. बघितली आणि खाली सही केली.

साचा बंद करण्याआधी मी दोनदा बघायचो. कोअर, म्हणजे आतला वाळूचा गाभा, नीट बसला का, वाळूचा कण पडलाय का. एकोणतीस वर्षांत एकदाही बघितल्याशिवाय बंद केला नाही. त्या दिवशी बघूनही काही उमगलं नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तरी निदान राख राहिली असती. पण आपला दोस्त आत पडलाय, त्याच्या वाट्याचं सगळं आपण पुरं करायचं, असं माझ्या डोक्यात होतं. तिसऱ्या दिवशी मी रक्षा गोळा केली. मडक्यात भरली, वर फूल ठेवलं, आणि पंचगंगेत गुडघाभर पाण्यात उभा राहून सोडली. घरी येऊन अंघोळ केली. बायकोला म्हणालो, काही कमी ठेवलं नाही.

शमुवेल एकोणीस दिवसांनी सुटला. सुवार्ता गेल्याचं डॉक्टरांनी त्याला आदल्या दिवशी सांगितलं होतं. मी रिक्षा घेऊन गेलो. तो निम्मा झाला होता. दसरा चौक मागं पडला. मग म्हणाला, "कुठं ठेवलीस तिला?"

तेव्हा मला कळलं.

मी सगळं सांगितलं. कागद, खूण, सही, मडकं, नदी. रिक्षावाल्यानं आरसा वळवून मागं बघितलं आणि परत सरळ केला.  शमुवेलनं शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. घराशी उतरल्यावर त्यानं रिक्षाचे पैसे स्वतः दिले.

आठवड्यानं त्यानं मला घाटावर नेलं.

"कुठं उभारला हुतास?"

"हितं. ह्या पायरीच्या खाली."

"तोंड कुणीकडं हुतं?"

पूर्वेला, असं सांगता आलं असतं. "ध्यानात न्हाय," मी म्हणालो.

"साच्यातली कुठली नळी कुठं हाय, ते तुला झोपंत इचारलं तर सांगायचास."

 मग पाण्याकडं बघत म्हणाला, "तिला झोप लई गाढ. लगीन झाल्यापासनं म्हणायची, उठायच्या दिवशी शेवटचा कर्णा वाजला तरी मला ऐकाय यायचा न्हाय, तुमीच हाक मारा. मी व्हय म्हणलोय तिला. आता हाक कुणीकडं मारू?"

 बिघडलेला साचा मोडता येतो, पुन्हा भरता येतो. हे मोडून भरता येत नव्हतं.

त्यांच्या चर्चचे पाळक तरुण होते, पण मनानं चांगले. घरी आले, शमुवेलचा हात धरून बसले. म्हणाले, "काका, पहिला माणूस त्यानं मातीचाच केला ना? मग राखेतून का नाही करणार? समुद्रसुद्धा आपल्यातली माणसं परत देणार आहे. ही तर नदी."

"देवाला जमंल, साहेब," शमुवेल म्हणाला. "त्यात शंका न्हाय. पर पंचगंगा जाती कृष्णेला, आन कृष्णा कुठल्या कुठं समुद्राला. आपण त्याचं काम वाढवून ठेवलं की. आपल्या वाट्याला काय हुतं? नीट ठेवायचं. तेवढंच हुतं, आन तेवढंच आपण केलं न्हाय."

आपण, असं तो म्हणाला. शेवटपर्यंत आपणच म्हणाला. तू म्हणाला नाही. माझी जी काही शिक्षा होती ती हीच, आणि ती त्यानं मुद्दाम दिली नव्हती.

पुढच्या वर्षी त्यांच्या पुनरुत्थानाच्या सणाला मी त्याच्याबरोबर गेलो. त्या दिवशी ते सगळे उजाडायच्या आत कबरस्तानात जमतात आणि उपासना करतात. घरोघरची मंडळी आपापल्या माणसांच्या कबरीपाशी उभी राहतात, मेणबत्ती लावतात, फुलं ठेवतात. शमुवेलनं दोन्ही आणलं होतं. ठेवायला जागा नव्हती. गाणं चालू होतं, तेवढा वेळ तो पाण्याच्या नळापाशी उभा राहिला. वाऱ्यानं मेणबत्ती तीनदा विझली, तीनदा लावली. फुलं परत घरी आली.

मग तो कबरस्तानाच्या कमिटीकडं गेला. मी सोबत होतो. तिच्या नावानं जागा द्या, म्हणाला.

सचिव वहीतून मान वर न करता म्हणाले, "आवळे, पुरायला माणूस पायजे. मोकळी कबर कशी देऊ? हितं असणाऱ्यांनाच जागा पुरंना."

"ती बी असणार हाय. आज न्हाय, पर उठायच्या दिवशी असणार हाय. तवा तिला उभं कुठं ऱ्हायचं?"

सचिवांनी पेन खाली ठेवलं. "नियम मी केलेला न्हाय वो."

"बरं. मग माझी तरी रुंद करा."

"किती?"

"तिला कुशीवर वळता आलं पायजे, एवढी."

  दोन जागांचे पैसे भरले तर एक खड्डा रुंद करता येईल, असं कमिटीनं महिन्याभरानं कळवलं. तोवर शमुवेल दर रविवारी जाऊन विचारत होता. पैसे त्यानं पाळकांच्या हाती ठेवले. मी माझे देऊ का म्हणालो. "न्हाय," म्हणाला. "हे माझं काम."

त्याच्या मनाला शांती मिळाली का, ते मला सांगता येणार नाही. चारला उठणं चालू होतं. पाचला काय करायचा ते मी कधी विचारलं नाही. मी रोज संध्याकाळी जायचो, चहा तोच करायचा. देवाच्या ताकदीवर त्याचा विश्वास होता तेवढाच राहिला. विश्वास उडाला होता तो माणसांच्या कामावरचा, आणि तो कसा परत आणायचा ते मला जमलं नाही.

चोवीस सालच्या फेब्रुवारीत तो झोपेतच गेला. या खेपेला कागद मी चारदा वाचला.

खणायला दोन गडी होते. दोन फुटांवर मुरूम लागला तसे ते कुरकुरायला लागले.

"काका, पेटी रुंदीला दोन फुटाची. खड्डा साडेचार कशाला? कोण बघणार हाय आत?"

"साडेचार म्हणजे साडेचार," मी म्हणालो. टेप लावला तर पायथ्याशी चार इंच कमी भरले. पहार घेऊन ते मीच काढले. त्रेसष्टाव्या वर्षी चार इंच मुरूम काढायला पाऊण तास लागला. गडी सावलीत बसून बघत होते.

पेटी एका कडेला ठेवली, पाय पूर्वेला. पाळकांनी प्रार्थना केली. त्यात त्यांनी दोघांचीही नावं घेतली. माती लोटायची वेळ आली तेव्हा माझ्या ध्यानात आलं की रिकामी बाजू रिकामी ठेवता येत नाही. तीही भरावी लागते. तेवढी तरी माती तुडवू नका, असं मी गड्यांना सांगितलं. त्यांनी ऐकलं की नाही ते मी बघितलं नाही.

फौंड्रीतल्या मजुरीतून त्याच्याकडं जे उरलं होतं, त्यातून पेटी झाली, दगड झाला, गड्यांचा रोज भागला. बाकी सगळं त्याच्या डावीकडच्या अडीच फुटांना गेलं.