केशरी साडी आणि हिरवा पत्रा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुम्हालाच का सांगतेय? — माहीत नाही.

बुऱ्हाणपूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकताना मला गप्पी माशांचं वेड लागलं. गप्पीचा नर टिचभर, पण मिजास केवढी! अंगावर केशरी ठिपके, आणि मादी दिसली की अंग वाकवून, थरथरत तिच्यापुढे नाचणार. प्रोजेक्टसाठी मी टाकीवरच्या ट्यूबला हिरवा जिलेटिन कागद गुंडाळला. नर बिचारा नाचतच राहिला, पण त्या उजेडात त्याचं केशरी काळपट, मातकट झालं. मादीने ढुंकूनही पाहिलं नाही. कागद काढला, तर तीच मादी सरळ त्याच्याकडे वळली. मासा तोच होता, फक्त उजेड बदलला होता. सरांनी कौतुक केलं, मी हरखून गेले. इथवर काय चुकलं होतं माझं?

त्याच उन्हाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीला, वैशूला, बघायला चांदनी गावचे पाहुणे येणार होते. माझ्या आधी तिला. मला दोन ठिकाणांहून नकार आले होते, आणि आता घर सगळं वैशूच्या मागेपुढे. मी जळत होते — गोड शब्द कशाला शोधू?

तिने केशरी साडी नेसली. आतल्या खोलीत, खिडकीपाशी, ती इतकी सुंदर दिसत होती की मला बघवेना.

"ताई, सच्ची सांग, कशी दिसते मी?"

"मस्त," मी म्हणाले. ते तरी खरं होतं.

दापोऱ्यातल्या आमच्या घराच्या ओट्यावर उन्हासाठी हिरवा फायबरचा पत्रा घातलेला. दुपारी त्याखाली भिंतीसुद्धा हिरवट दिसायच्या. आईने आत गाद्या घातल्या होत्या. मीच म्हणाले, आत फार उकडतंय, बाहेर बसू. खुर्च्याही मीच मांडल्या — पाहुण्यांच्या कडेला, कडुलिंबाच्या सावलीत. वैशूची पत्र्याखाली, मधोमध.

काय होणार हे तिथे फक्त मला माहीत होतं.

वैशू पोहे देऊन खुर्चीवर बसली. साडीचा रंग पार मातकट झाला, चेहरा आजाऱ्यासारखा दिसू लागला. मुलाची आई बघतच राहिली. मग माझ्या आईकडे वाकून म्हणाली, "पोरगी बीमार होती का हो?"

नकार आला. आई घाबरली, तिने वैशूला डॉक्टरांकडे नेलं. रक्त चांगलं निघालं, तरी कितीतरी महिने बीट आणि टॉनिक चालू राहिलं. वैशू आरशासमोर उभी राहून डोळ्याची खालची पापणी ओढून बघायची — लाल आहे ना? आणि मी? "त्या पत्र्यामुळे तशी दिसलीस," एवढंच सांगायचं होतं. रोज जिभेवर यायचं. रोज गिळायचे.

पुढे वैशूचं लग्न झालं, माणूस चांगला मिळाला. पण त्यामुळे मी केलेलं पुसलं जात नाही, हे मला कळतं. फोटो काढताना ती अजून मागच्या रांगेत जाऊन उभी राहते. म्हणते, माझा चेहराच बीमार दिसतो.

आणि त्या दिवसांचा विषय निघाला की ती आपल्या मुलींना सांगते, "तेव्हा मले ताईनंच सांभाळलं." मी समोरच बसलेली असते. मी तिला म्हणू देते.